आधी बेडूक दाखवा!

दिवाळीच्या फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढू नये, एवढे तारतम्य मला आहे. चार दिवस सणाचे. मोठ्यांनी चकली मोडीत अंक चाळावा, मुलांनी मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडावेत आणि गुहेत वाघ बसवावा, हेच खरे. तरीही मी आज भांडायला बसले आहे. भांडणाचा विषय ऐकाल तर हसाल. विषय आहे बेडूक! बेडूक म्हणजे मंडूकासन. आणि त्याच्या मागोमाग भुजंगासन, मयूरासन, सिंहासन, उष्ट्रासन, गोमुखासन. थोडक्यात म्हणजे आपल्या योगासनांत नांदणारा सगळा प्राणिवर्ग.

प्रारंभीच सांगून टाकते, की मी योगाची वैरीण नव्हे. माझे वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतून तो रुजवला होता. वडिलांचे नमस्कार अखेरच्या आजारपणापर्यंत चुकले नाहीत. प्रत्येक नमस्कारात एकदा ते छाती उचलून भुजंग होत, आणि आम्ही भावंडे त्यांच्या शेजारी पालथी पडून फूत्कार टाकीत असू. ते कधी रागावले नाहीत. तेव्हा सत्तरीला टेकलेली ही बाई आसनांविरुद्ध तक्रार घेऊन आलेली नाही. तक्रार आहे ती आसनांचे आपण जे करून ठेवले आहे त्याविरुद्ध, आणि तीही लहान मुलांच्या बाबतीत.

माझी नात आठ वर्षांची आहे. ती चार वर्षांची होती तेव्हापासून सकाळी हॉलमध्ये सतरंजी टाकून आम्ही दोघी आसने करायचो. आम्हाला गुरू नव्हता असे म्हणवत नाही. होता, आमच्या इमारतीच्या जिन्यात राहणारा एक पिवळा बोका. हा बोका झोपेतून उठला की आधी पुढचे पंजे लांब रोवी, मागचा भाग वर उचली, तोंड फाडून जांभई देई, मग पाठीची कमान करी आणि चालू लागे. नातीने ते पाहिले आणि जसेच्या तसे केले. तिच्यामागून मी केले. रविवारी तिचा बापही पोट सावरीत त्यात सामील होई. मग बेडूक व्हायचे, डरांव डरांव करायचे. शेवटी सिंह. सिंहासन म्हणजे राजाचे नव्हे बरे का. गुडघ्यांवर पंजे पसरून, डोळे वटारून, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायची आणि घशातून गर्जायचे. नात गर्जली की मी गर्जायची, आणि खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकले जाई. त्या अर्ध्या तासात माझी पाठ मोकळी होई आणि तिचे पोट हसून दुखे. यापेक्षा योगाचे अधिक काय फळ मागायचे?

मग ती तिसरीत गेली. शाळेत योगाचा तास होता, त्यात तिचे लवचिक अंग योगाच्या सरांच्या नजरेत भरले आणि तिची स्पर्धेसाठी निवड झाली. घरात पेढे आले. पेढ्यांच्या पाठोपाठ एक छापील कागद आला. त्यात आसनांची नावे, प्रत्येक आसन किती सेकंद टिकवायचे ते, आणि कशाकशासाठी गुण कापले जातील त्याची यादी. अंग हलले, गुण गेले. गुडघा वाकला, गुण गेले. चेहऱ्यावर ताण दिसला, तरी गुण गेले! म्हणजे ताण घ्यायचा, पण दाखवायचा नाही. आमच्या सकाळच्या सतरंजीवर आता घड्याळ आले. बोका जिन्यात येऊन आळस देऊन जाई. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड उरली नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते. लेकरू मयूरासनात गेले. दोन्ही तळहात जमिनीवर, कोपरे बेंबीपाशी आणि सगळे अंग आडवे अधांतरी. आठ वर्षांचे ते दोन हात थरथरू लागले. परीक्षकांनी कागदावर काही लिहिले. तिने ते पाहिले आणि ती कोसळली. हनुवटीला थोडे लागले, फार नाही. रात्री माझ्या कुशीत आली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आजी, खरा मोर हलला तर चालतं का गं?”

मी हसले. हसून झाल्यावर लक्षात आले, की मला उत्तर माहीत नाही. सत्तर वर्षांत मी मोर नीट पाहिलाच नव्हता. आणि ज्यांनी गुण कापले त्यांनी तरी पाहिला होता का?

त्या प्रश्नाने मला पुस्तके उघडायला लावली. घेरंडसंहितेत मोठे गमतीचे गणित आहे. घेरंड सांगतात, जगात जितक्या जीवजाती तितकी आसने. म्हणजे आपल्या ओळखीच्या त्या चौऱ्याऐंशी लक्ष योनी! त्यांतली ८४ विशेष, आणि माणसाच्या उपयोगाची ३२. मी बोटांवर मोजून पाहिले. या ३२ पैकी सिंह, गोमुख, मत्स्य, मयूर, कुक्कुट, कूर्म, मंडूक, गरुड, वृष, शलभ, मकर, उष्ट्र, भुजंग, शिवाय कासव आणि बेडूक यांचेच दोन ‘उत्तान’ प्रकार धरले, तर १५ आसने पशु-पक्षी-कीटकांच्या नावांची भरतात. जवळजवळ निम्मी! ज्या चौऱ्याऐंशी लक्षांच्या फेऱ्यातून सुटण्यासाठी योग करायचा, त्याच योनींची नावे योग्यांनी आपल्या अंगावर मिरवली. त्यांना त्या प्राण्यांची लाज वाटली नाही.

त्याहून जुनी गोष्ट पुढे आहे. पतंजलींच्या योगसूत्रांवर व्यासांचे भाष्य आहे. त्यात आसनांची नावे देताना क्रौंच पक्ष्याची बैठक, हत्तीची बैठक, उंटाची बैठक अशी नावे येतात. आता क्रौंचासारखे बसायचे म्हणजे नेमके कसे? भाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांनी हजारभर वर्षांपूर्वी याचे जे उत्तर दिले, ते वाचून मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. त्यांनी मापे दिलेली नाहीत, अंश दिलेले नाहीत. त्यांच्या सांगण्याचा आशय इतकाच, की क्रौंच वगैरे प्राणी बसलेले असताना त्यांची ठेवण पाहावी आणि त्यावरून समजून घ्यावे. संपले! एवढा मोठा दर्शनकार पंडित, आणि तो सांगतो काय, तर जा आणि बघ.

वाचकहो, माझ्या भांडणाचे सारे भांडवल या एका सूचनेत आहे. प्राण्यांच्या नावाचे आसन हा आधी पाहण्याचा धडा आहे, मग वाकण्याचा. आपण पहिला धडा फाडून टाकला आणि दुसऱ्याची परीक्षा घ्यायला बसलो.

आमच्या इमारतीतल्या मुलांना मी विचारले, “मंडूकासन येतं?” सगळ्यांना येत होते. “बेडूक पाहिलाय?” एकाने तत्परतेने मोबाइलवर दाखवला. हिरवागार, लाल डोळ्यांचा, देखणा. तो बिचारा मध्य अमेरिकेतल्या जंगलातला! आपल्याकडे पहिल्या पावसात डबक्यात उतरणारा सोनेरी पिवळा नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून रात्रभर हाका घालणारा, एकाही मुलाने पाहिला नव्हता. आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी विहीर होती म्हणतात. ती बुजवली, बेडूक गेले, आणि आता त्याच जागी पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात दर शनिवारी मंडूकासनाचा वर्ग भरतो. याला काय म्हणावे? वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. शहरात ती बहुधा बाजारातून आणलेल्या मातीच्या गाईची असते. गोमुखासनात एकावर एक आलेले गुडघे ज्या मुखाची आठवण करून देतात, ते ओले, गरम श्वास सोडणारे मुख मुलांच्या तळहाताला कधी लागलेलेच नसते.

कोणी म्हणेल, आजीबाई, ही सगळी भावुकता झाली. शरीराला त्याचा काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो अगदी रोकडा आहे. भुजंगासनच घ्या. मुलांना ‘अजून वर, अजून वर’ म्हणून ओरडले की ती काय करतात? हातांनी जमीन ढकलतात, कोपरे ताठ करतात आणि कमरेच्या खालच्या मणक्यांवर सारा भार टाकतात. आता खऱ्या नागाकडे पाहा. त्याला हात कुठे आहेत? तो अंगाचा पुढचा भाग उचलतो तो पाठीच्या आणि फासळ्यांच्या स्नायूंनी. मागचे अंग जमिनीला धरून असते. हे एकदा ध्यानात आले, की मूल आपोआप हात हलके ठेवते आणि पाठीने उठते, आणि पाठीला झेपेल तेवढेच उठते. शंभर वेळा ‘खांदे खाली, कोपरे आत’ सांगून जे साधत नाही ते ‘नागाला हात नसतात’ या एका वाक्याने साधते. उंट बसतो तोही पाहावा. आधी पुढचे गुडघे टेकतो, मग मागचे दुमडतो. त्याची घाई कुणी पाहिली आहे? आणि मांजर! मांजर आळस देते तो कुणाला दाखवायला नव्हे. अंग मोकळे झाले की ते थांबते. पुढच्या मांजरापेक्षा दोन इंच अधिक वाकावे म्हणून कंबर धरून बसलेले मांजर मी तरी पाहिले नाही.

दुसरे असे, की ज्या ‘शुद्ध रूपा’साठी गुण कापले जातात ते रूप तरी कुठले? आज उष्ट्रासन म्हणजे गुडघ्यांवर उभे राहून मागे वाकायचे. घेरंडांचे उष्ट्रासन पालथे पडून, पाय मागे दुमडून हातांनी धरायचे आहे. आज गरुडासन एका पायावर उभे राहून हातापायांना वेढे घालून करतात. घेरंडांचे गरुडासन बसून करायचे, हात गुडघ्यांवर ठेवून. नावे तीच, रूपे बदलली. बदलली त्यात पाप झाले असे मी म्हणत नाही. गुरुपरंपरा चालत्या असतात, त्यांत असे व्हायचेच. पण ज्या उंटाने आणि गरुडाने वाटेत एवढी वळणे घेतली, त्याच्या नावाने तिसरीतल्या पोरीचा अर्धा गुण कापताना हात जरा अडखळावा की नाही?

आता स्पर्धेच्या कैवाऱ्यांकडे वळते. त्यांचे म्हणणे मी टाळणार नाही. २०१५ पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होऊ लागला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने योगासनाला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींना मैदान मिळाले, कौतुक मिळाले, हे मला मान्य आहे. सोळा-अठरा वर्षांची मुलगी आपल्या खुशीने, वर्षानुवर्षे घाम गाळून वृश्चिकासनात स्थिर राहते तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असते. ज्याला तो खेळ खेळायचा आहे त्याने जरूर खेळावा.

पण पतंजलींनी आसनाला दोन अटी घातल्या आहेत. ते स्थिर असावे आणि सुखाचे असावे. स्पर्धेची मेख इथे आहे. स्थैर्य परीक्षकाला दिसते, सुख दिसत नाही. आणि जे दिसते त्यालाच गुण मिळतात. मोठी मुले हा हिशेब समजून घेऊ शकतात. सहा-आठ वर्षांच्या मुलाला तो समजत नाही. त्याला एवढेच कळते, की काल बेडूक होताना मजा येत होती आणि आज बेडूक होताना भीती वाटते. माझी नात त्या स्पर्धेनंतर कित्येक आठवडे सतरंजीवर आली नाही. मी बोलावले की म्हणे, “मला नीट येत नाही.” जे तिला चौथ्या वर्षी येत होते ते आठव्या वर्षी येईनासे झाले! हे शिक्षण म्हणायचे का?

दुसऱ्या बाजूने काही जुने, निष्ठावंत साधक माझ्यावर डोळे वटारतील. (डोळे वटारतातच आहेत, तर सोबत जीभही काढावी, सिंहासन पुरे होईल.) ते म्हणतील, योग ही गंभीर साधना, तिचा तुम्ही पोरखेळ करता. त्यांना मी भागवताच्या एकादश स्कंधाकडे पाठवते, ज्यावर नाथांनी आपले एकनाथी भागवत लिहिले. त्यातल्या अवधूताने २४ गुरू केले. त्यांत अजगर आहे, हत्ती आहे, हरिण आहे, मासा आहे, कोळी आहे, मधमाशी आहे. आणि त्याच यादीत एक बालकही आहे! पशू आणि पोर ही दोन्ही अवधूताला गुरुस्थानी चालली, तर आपल्याला सतरंजीवर का चालू नयेत? आणि शास्त्राचेच म्हणाल, तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढून आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत नेला, म्हणजे काय केले? नीट पाहिलेच ना? शास्त्रज्ञाचे पाहणे आणि मुलाचे पाहणे एकाच कुळातले आहे. दोघांचेही वैर असते ते न पाहता घोकण्याशी.

तिसरा आक्षेप आयांचा. “आजी, आम्ही सिंह आणि उंट कुठून आणायचे?” आणू नका. दारातले पाहा. गॅलरीच्या कठड्यावर मान तिरकी करून बसणारा कावळा, गटाराकाठी एका पायावर उभा बगळा, दुपारी सावलीत चारी पाय ताणणारा गल्लीतला कुत्रा, भिंतीला पोट लावून निश्चल राहणारी पाल. घेरंडांनी जितके जीव तितकी आसने म्हटलेच आहे. ३२ त्यांनी सांगितली, उरलेली मुलांसाठी ठेवली आहेत असे समजा. आमच्या शेजारच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांनी परवाच ‘खारासन’ काढले. उकिडवे बसायचे, दोन्ही हात छातीशी घेऊन शेंगदाणा धरायचा, इकडेतिकडे झटकन पाहायचे आणि शेंगदाणा खाऊन आसन सोडायचे. ते मी रोज करते. त्याने घोट्यांना चांगला व्यायाम होतो.

मात्र एक अट आहे. मोठ्यांनी खुर्चीत बसून ‘कर, कर’ म्हणायचे नाही. जमिनीवर यायचे. मुलांपेक्षा आपल्यालाच त्याची गरज अधिक आहे. दिवसभर खुर्चीच्या आकाराचे झालेले अंग कधी तरी मांजराच्या आकाराचे व्हायला नको का? गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून सिंह व्हा. गर्जायला गुडघे लागत नाहीत. रक्तदाब, हर्निया असणाऱ्यांनी मयूरासनाच्या वाटेला जाऊ नये. मान-कंबरेचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि लहान मुलांना डोक्यावर किंवा मानेवर भार येईल असे काही हौसेखातर करायला लावू नये; त्यांची हाडे अजून वाढत आहेत, आपली हौस वाढत असली तरी.

म्हणून शाळांकडे माझ्या तीनच मागण्या आहेत. दहा वर्षांच्या आतील मुलांच्या आसनांना गुण देऊ नका. कोणत्याही प्राण्याचे आसन शिकवण्याआधी तो प्राणी, निदान त्याचे चालते-बोलते चित्र, मुलांना पोटभर पाहू द्या आणि त्यांनाच विचारा, की हा कसा बसतो, कसा उठतो, कुठे थांबतो. आणि शिकवणाऱ्याने स्वतः मुलांबरोबर बेडूक व्हावे. यातल्या एकाही मागणीला पैसा लागत नाही. लागते ती थोडी लाज सोडण्याची तयारी.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी राहू दिले नाही. यंदा आषाढात तिला घेऊन शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोळीला गेले. भल्या पहाटे शेताच्या बांधावर दोघी बसून राहिलो. ढग उतरले होते. चिंचेच्या झाडाखालून एक मोर आला, थांबला आणि त्याने पिसारा उभारला. आणि मग तो सगळा पिसारा, टोकापासून बुडापर्यंत, सळसळ सळसळ थरथरू लागला. त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

नातीने माझा हात गच्च धरला. “आजी, हा तर हलतोय!”

“हो गं बाई.”

“मुद्दाम हलतोय!”

“मुद्दामच.”

ती कितीतरी वेळ पाहत राहिली. परतीच्या एस.टी.त तिने मला तीन वेळा मोर करून दाखवला. हात मागे पसरून, बोटे थरथरवीत. ते मयूरासन नव्हते. कुठल्याच ग्रंथात ते नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा सतरंजी आधीच अंथरलेली होती. शाळेच्या स्पर्धेत ती यंदा गेलेली नाही. पुढे तिला जावेसे वाटले तर जाईल. मी पहिल्या रांगेत बसेन.

तर मंडळी, फराळ झाला असेल तर ताटे उचला आणि सतरंजी टाका. आजोबांना उठवा, सुनेला स्वयंपाकघरातून बाहेर काढा, जावयाच्या हातातला मोबाइल काढून घ्या. सगळ्यांनी मिळून जीभ बाहेर काढून एकदा गर्जा. शेजारी दार वाजवतील. त्यांनाही आत घ्या.